केळीचा घड ते समीकरण: संशोधनाबद्दल खानदेशातून वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मी शाळेत विज्ञान शिकवतो. घरची शेती चोपडा तालुक्यात, थोडी केळी, बाकी कपाशी. दोन्हीकडची माणसं मला प्रश्न विचारतात. वर्गातली मुलं कृष्णविवरांबद्दल, बांधावरची मंडळी बोंडअळीबद्दल. हे प्रश्न मी एका वहीत उतरवून ठेवत आलो. त्यातले पुन्हा पुन्हा आलेले इथे मांडले आहेत.

सैद्धांतिक भौतिकशास्त्राचा आणि आमच्या केळीबागेचा काय संबंध?

वाफशापासून सुरुवात करू. पाणी दिल्यावर दोन-तीन दिवसांनी मूठभर माती दाबली की गोळा होतो, पण हाताला चिकटत नाही. मुळांना पाणीही मिळतं आणि हवाही. हा वाफसा आपण बोटांनी ओळखतो. पण पाणी मातीत थांबतं का, आणि सरकतं तर कुठल्या दिशेला?

ठिबकच्या ड्रीपरखाली एकदा खणून पाहा. काळ्या जमिनीत ओल कांद्यासारखी गोल पसरलेली दिसते. मुरमाड जमिनीत तीच ओल गाजरासारखी सरळ खाली गेलेली असते. पाणी तेवढंच आणि नळीही तीच. तरी फरक पडतो, कारण चिकणमातीचे बारीक कण पाणी चहूबाजूंनी ओढतात आणि जाड कणांमध्ये ही ओढ कमी असल्याने पाणी वजनाने खाली उतरतं.

हे गणितात मांडलं एडगर बकिंगहॅम या भौतिकशास्त्रज्ञाने, १९०७ साली. अमेरिकेच्या कृषी खात्यात तो मातीवर काम करत होता. उष्णता गरम बाजूकडून थंड बाजूकडे जाते, वीज जास्त दाबाकडून कमी दाबाकडे वाहते. मातीतलं पाणीही तसंच वागतं, असं त्याने मांडलं: ते सैल धरलेल्या जागेकडून घट्ट धरलेल्या जागेकडे सरकतं. म्हणून ओल्या मातीतून कोरड्या मातीकडे पाणी आडवं जातं, कधी चक्क वरही चढतं. पुढे १९३१ मध्ये रिचर्ड्स या दुसऱ्या भौतिकशास्त्रज्ञाने यावरून पूर्ण समीकरण लिहिलं. दोन ड्रीपरमध्ये किती अंतर ठेवायचं आणि किती तास ठिबक चालवायचं, याचा शास्त्रीय हिशेब आजही त्याच समीकरणावर उभा आहे.

म्हणून शेजाऱ्याचं ठिबकचं वेळापत्रक उचलू नका. त्याची जमीन तापीकाठची गाळाची असेल आणि तुमची सातपुड्याच्या पायथ्याची दगडगोट्यांची.

आइन्स्टाइनने शेतीवर काही काम केलं होतं का?

शेतीवर नाही. पण १९०१ साली छापून आलेला त्याचा पहिलाच निबंध केशाकर्षणावर होता, म्हणजे ज्या गुणामुळे दिव्याच्या वातीतून तेल चढतं आणि मातीच्या बारीक पोकळ्यांत पाणी टिकतं त्यावर. सापेक्षता त्यानंतर आली.

खानदेशात असं निव्वळ बुद्धीचं संशोधन कधी झालं आहे का?

या प्रश्नावर मी तासभर बोलू शकतो.

चाळीसगावपासून जवळच पाटणादेवी आहे. बहुतेकजण दर्शनाला, पावसाळ्यात धबधबे पाहायला जातात. तिथे एक शिलालेख आहे. भास्कराचार्यांचा नातू चांगदेव हा यादव राजा सिंघणाच्या दरबारी ज्योतिषी होता. आजोबांचे ग्रंथ शिकवले जावेत म्हणून त्याने इथे मठ स्थापन केला. निकुंभ घराण्यातल्या सोइदेवाने १२०७ च्या सुमारास या मठाला दान दिलं, त्याची ही नोंद आहे. भाऊ दाजी लाड यांनी एकोणिसाव्या शतकात हा लेख विद्वानांपुढे आणला.

लेखाचा बराचसा भाग संस्कृत आहे, पण शेवटच्या ओळी जुन्या मराठीत आहेत. मठाचा खर्च कसा भागायचा ते त्यात सांगितलं आहे. पाटण्याच्या, म्हणजे याच गावच्या, बाजारात जो माल विकायला येईल त्यावरचा राजाचा हिस्सा मठाला द्यायचा. आणि गावात जेवढे घाणे चालतील, त्या प्रत्येकामागे पळी पळी तेल द्यायचं.

पहिल्यांदा हे वाचलं तेव्हा मी बराच वेळ तिथल्या पायरीवर बसून होतो. तेलाच्या पळीवर गणिताची शाळा चालत होती. तीळ पिकवणाऱ्याला बीजगणित येत नसेल, पण त्याच्या घाण्यातलं तेल त्या शाळेच्या दिव्यात जळत असेल.

तिथे काय शिकवलं जात असेल? भास्कराचार्य १११४ साली जन्मले आणि ‘सिद्धांतशिरोमणी’ त्यांनी ११५० मध्ये, वयाच्या छत्तिसाव्या वर्षी पूर्ण केला. एक कोडं असं: शून्याहून मोठ्या एका पूर्ण संख्येच्या वर्गाला ६१ ने गुणा, त्यात १ मिळवा, उत्तर पुन्हा पूर्ण वर्ग आलं पाहिजे. अशी सर्वांत लहान संख्या कोणती? भास्कराचार्यांनी चक्रवाल पद्धतीने उत्तर काढलं: २२,६१,५३,९८०. हेच कोडं फर्माने १६५७ मध्ये युरोपातल्या गणितज्ञांपुढे टाकलं होतं.

केळ्यात किरणोत्सर्ग असतो म्हणतात. खरं आहे का? आमच्या मालाची बदनामी होईल ना!

खरं आहे, आणि घाबरण्यासारखं त्यात काही नाही. केळ्यात पोटॅशियम भरपूर असतं. निसर्गातल्या दर दहा हजार पोटॅशियम अणूंत साधारण एक अणू पोटॅशियम-४० जातीचा असतो आणि तो कधी ना कधी फुटतो. मध्यम आकाराच्या एका केळ्यात सेकंदाला असे सुमारे बारा-पंधरा अणू फुटतात. आता स्वतःकडे पाहा. मोठ्या माणसाच्या शरीरातल्या पोटॅशियमचे सेकंदाला चार हजारांच्या आसपास अणू फुटत असतात, त्याने केळं खाल्लं असो वा नसो. जास्तीचं पोटॅशियम मूत्रपिंडं बाहेर टाकतात, त्यामुळे केळी खाऊन ते साठत जात नाही.

मुलांना मी पुढची गोष्ट सांगतो. पोटॅशियम-४० निम्मं व्हायला सुमारे १२५ कोटी वर्षं लागतात आणि त्यातल्या काही अणूंचा आर्गॉन वायू होतो. खडकात अडकलेला हा आर्गॉन मोजला की खडकाचं वय कळतं. आपल्या सातमाळ्याचा, अजिंठ्याच्या डोंगराचा काळा कातळ साधारण साडेसहा कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्हाचा आहे, हे याच घड्याळाने मोजलं. तेच घड्याळ तुमच्या फणीतल्या प्रत्येक केळ्यात चालू आहे.

मग विकिरण केलेला कांदा खाल्ला तर?

बिनधास्त खा. शेजारच्या नाशिक जिल्ह्यात लासलगावला भाभा अणुसंशोधन केंद्राच्या तंत्राने उभं राहिलेलं विकिरण केंद्र आहे. तिथे कोबाल्ट-६० चे गॅमा किरण मालातून जातात. कांद्याच्या कोंबातल्या पेशी वाढायच्या थांबतात, म्हणून कांदा लवकर मोड काढत नाही. कोबाल्टला माल कुठेही शिवत नाही, आणि त्या किरणांची ऊर्जा कांद्याचे अणू किरणोत्सर्गी करायला पुरत नाही. उन्हात वाळवलेला पापड रात्री उजेड देत नाही, तसंच हे. सडका कांदा मात्र विकिरणाने चांगला होत नाही. आत जाणारा माल निवडक, नीट सुकवलेला असावा लागतो.

टिश्यू कल्चरची रोपं म्हणजे जीएम, जनुक बदललेली, का?

नाही. जनुकाला इथे हात लागत नाही. चांगल्या झाडाच्या कंदातला कोंब घेऊन, तो निर्जंतुक बाटलीत पोषक द्रव्यावर वाढवतात आणि एका कोंबाचे अनेक करतात. आपण मुनवे, म्हणजे बुंध्याशी फुटलेली पिल्लं, काढून लावायचो, त्याचंच हे काचेतलं रूप. खाण्याच्या केळीत गुणसूत्रांचे दोन नव्हे तर तीन संच असतात, म्हणून तिला बी धरत नाही. तिची वाढ कायम अशीच, झाडातून झाड.

धोका मात्र यातच आहे, आणि तो मला खरोखर मोठा वाटतो. रावेरपासून नंदुरबारपर्यंत बहुतेक बागांत ग्रँडनैन ही एकच जात लावलेली, म्हणजे लाखो झाडं एकमेकांची जुळी. गेल्या शतकात जगाच्या बाजारात ग्रो मिशेल नावाची केळी होती. पनामा मर रोगाने तिचे मळेच्या मळे गेले आणि तिची जागा कॅव्हेंडिश गटाने घेतली. आपली ग्रँडनैन त्याच गटातली आहे. आता मर रोगाचं टीआर-४ हे नवं रूप कॅव्हेंडिशलाही मारतं, आणि ते बिहार-उत्तर प्रदेशात आढळलं आहे. बुरशी मातीत राहते आणि बुटाला, अवजाराला, कंदाला चिकटून प्रवास करते. म्हणून बाहेरच्या राज्यातून आलेले मुनवे स्वस्त मिळाले तरी घेऊ नका. बागेत येणाऱ्याला बूट धुवायला सांगताना संकोच करू नका.

हरण्या आला तर झाड उपटायलाच सांगतात. औषध का नाही?

हरण्या म्हणजे केळीवर येणारा कुकुंबर मोझॅक व्हायरस. विषाणू झाडाच्या पेशीत शिरून तिचीच यंत्रणा वापरतो, त्यामुळे झाड जगवून फक्त विषाणू मारेल अशी फवारणी उपलब्ध नाही. मावा त्याला एका झाडावरून दुसऱ्यावर नेतो. पानांवर पिवळे पट्टे दिसताच झाड उपटून बागेबाहेर नेऊन नष्ट करा. बागेत किंवा बांधाला काकडी, भोपळा, मिरची, टोमॅटो लावू नका, विषाणू तिथेही राहतो. दोन महिने वाढवलेलं झाड स्वतःच्या हाताने उपटताना जीव तुटतो. पण एक वाचवायला गेलं की ओळ जाते.

बीटी कपाशी असूनही गुलाबी बोंडअळी कशी येते? बियाणं बोगस का?

बियाणं कधी बोगसही असतं, पण इथलं मूळ कारण वेगळं आहे, आणि ते समजायला थोडं गणित लागतं.

बीटी कपाशीत एका जिवाणूचा जनुक घातलेला असतो, त्यामुळे झाड स्वतःच अळीला मारणारं विष बनवतं. समजा अळीतला, हे विष पचवणारा जनुक हजारात एक इतका दुर्मीळ आहे. आईकडून आणि बापाकडून, दोन्हीकडून तो आला तरच अळी बीटीवर जगते. मग अशा अळ्या किती? हजारात एक गुणिले हजारात एक, म्हणजे दहा लाखांत एक. हा हिशेब १९०८ साली जी. एच. हार्डी यांनी एका छोट्या पत्रात मांडला, आणि जर्मनीत वाइनबर्ग यांनी स्वतंत्रपणे. हार्डी म्हणजे रामानुजनना केंब्रिजला बोलावणारे. शुद्ध गणिताचा माणूस तो, आणि त्याचं हे पत्र आज आपल्या कपाशीच्या वावरात उभं आहे.

शेतात सगळीकडे बीटीच असेल, तर बाकी अळ्या मरतात आणि वाचलेल्या त्या मोजक्या आपसात जोड्या जमवतात. त्यांची सगळी पिल्लं बीटी पचवणारी. पण कडेने साधी, बिगर-बीटी कपाशी असेल, तर तिच्यावर हजारो साधे पतंग तयार होतात. वाचलेल्या पतंगाची जोडी त्यांच्यातल्याच कुणाशी जमते आणि पिल्लांकडे तो जनुक एकाच बाजूने येतो. ती बीटीवर मरतात. बीटीच्या पाकिटासोबत साध्या बियाण्याची पुडी यायची ती यासाठी. त्या पुडीला आम्ही काय केलं? बहुतेकांनी फेकली. आमच्या घरीही ती पुडी वापरली गेली नाही, हे मी लपवत नाही.

आणखी तीन गोष्टी विरोधात गेल्या. हिरवी बोंडअळी तूर-हरभऱ्यावरही जगते, तेच तिचं साधं वावर. गुलाबी अळी जवळजवळ कपाशीवरच जगते. दुसरं, आपल्याकडे बीटी संकरित वाणांतून आली, आणि संकरित झाडाच्या एकाच बोंडात काही सरक्या विषाच्या तर काही बिनविषाच्या असतात. थोडं विष सोसू शकणाऱ्या अळ्या तिथे वाचतात आणि त्यांचाच वंश वाढत जातो. तिसरं, मे महिन्यात ठिबकवर लावलेली कपाशी आणि फरदड, म्हणजे हंगाम संपल्यावरही मार्चपर्यंत उभी ठेवलेली कपाशी, यामुळे अळीला वर्षभर घर मिळालं. एका जनुकाचं बीटी २००२ मध्ये आलं, दोन जनुकांचं २००६ मध्ये. गुलाबी अळीने दोन्ही पचवलं.

आता करायचं काय? फरदड घेऊ नका. जानेवारीच्या आत वावर रिकामं करा. फुलं लागली की सकाळी ओळीतून चालत जा. पाकळ्या न उमलता गुलाबाच्या कळीसारख्या मिटलेल्या दिसल्या तर ती डोमकळी. उलगडून पाहा, आत बारीक अळी असते. ती तोडून बादलीत टाका, वावरात फेकू नका. मादीच्या गंधाने नर पतंगांना ओढणाऱ्या कामगंध सापळ्यात सलग तीन दिवस रोज आठ किंवा जास्त पतंग आले तर फवारणीची वेळ आली असं समजा. आणि हे गावाने मिळून करायला हवं, कारण पतंगाला सातबारा कळत नाही.

नवीन वाण यायला इतकी वर्षं का लागतात?

एका वर्षाचा पाऊस फसवतो म्हणून. आधी संशोधन केंद्रावर, मग वेगवेगळ्या जिल्ह्यांत, वेगवेगळ्या हंगामांत, प्रत्येक वेळी जुन्या चांगल्या वाणाच्या शेजारी लावून पाहावं लागतं. त्या जुन्या वाणाला तुल्य वाण म्हणतात. त्याच्याहून सरस ठरलं तरच पुढे.

जळगावच्या तेलबिया संशोधन केंद्राचा जेएल-२४ भुईमूग, म्हणजेच फुले प्रगती, हे मी नेहमी सांगतो. नावातलं ‘जेएल’ जळगावचं. सत्तरच्या दशकाच्या अखेरीस आलेला, लवकर तयार होणारा हा वाण आफ्रिकेत पोचला. मलावीत तो ‘काकोमा’ नावाने, झांबियात ‘लुएना’ नावाने शेतकऱ्यांना दिला गेला. जळगावात निवडलेली शेंग मलावीतल्या कुणाच्या ताटात आहे, आणि ही गोष्ट जळगावातल्याच फार थोड्यांना ठाऊक आहे. बाजरीत धुळ्याचा ‘फुले महाशक्ती’ असाच अभिमानाचा, तो लोह जास्त असलेला वाण म्हणून निवडला गेला.

पीक कापणी प्रयोगाला माझंच वावर का? तेही कोपऱ्यातला तुकडा?

या प्रयोगात वावरातला एक मोजलेला तुकडा कापून, वजन करून गावाचं उत्पादन काढतात. निवड चिठ्ठ्या टाकल्यासारखी व्हावी म्हणून तुमचं वावर. कुणी हाताने निवडलं की नजर एकतर चांगल्या तुकड्याकडे जाते किंवा वाईटाकडे. ही पद्धत आपल्याकडे बसवण्यात प्रशांतचंद्र महालनोबिस यांचा मोठा वाटा. त्यांचं शिक्षण भौतिकशास्त्रातलं. सत्येंद्रनाथ बोस आणि मेघनाद साहा यांनी सापेक्षतेवरच्या निबंधांचं भाषांतर केलं, ते पुस्तक १९२० मध्ये निघालं आणि त्याची प्रस्तावना महालनोबिसांची होती. तोच माणूस पुढे बंगालात तागाच्या शेतात चौकटी टाकून उत्पादन मोजत होता. तुमच्या विम्याची भरपाई ज्या आकड्यावर ठरते तो असाच निघतो, म्हणून कापणीच्या दिवशी हजर राहा. चौकट ठरल्याच जागी पडते का पाहा आणि वजन स्वतः वाचा.

कळण्याची भाकर खरंच पौष्टिक, की आपली नुसती आवड?

दोन्ही. कळणा म्हणजे ज्वारी आणि उडीद एकत्र दळलेलं पीठ. ज्वारीच्या प्रथिनांत लायसिन हा घटक कमी पडतो, उडदात तो भरपूर. उडदात गंधकयुक्त घटक कमी, ते ज्वारी पुरवते. एकत्र दळलं की एकाची उणीव दुसरा भरून काढतो. आजी ‘कयनानी भाकर’ थापायची तेव्हा तिला लायसिन ठाऊक नव्हतं. वर मिरचीचा ठेचा आणि तेल घेतलं की मला दुसरं काही लागत नाही.

केळी पिकवायची ‘पावडर’ सुरक्षित आहे का?

कॅल्शियम कार्बाइड असेल तर नाही. फळं पिकवायला त्यावर देशात बंदी आहे. त्यात आर्सेनिक आणि फॉस्फरसचे अंश असू शकतात. इथिलीन वायूची गोष्ट वेगळी, फळ तो स्वतःच बनवतं. रायपनिंग चेंबरमध्ये तोच वायू मोजून देतात आणि तापमान राखतात. घरी हिरवी केळी पिकवायची तर पिकलेल्या एखाद्या केळ्यासोबत कागदी पिशवीत ठेवा. फ्रिजमध्ये ठेवू नका, सुमारे तेरा अंशांखाली केळ्याची साल काळी पडते.

मुलगी बारावीला आहे, भौतिकशास्त्रात संशोधन करायचं म्हणते. पोट भरेल का?

भरेल, पण वाट लांब आहे हे आधीच सांगतो. बारावीनंतर विज्ञान संशोधनाच्या संस्थांच्या प्रवेशपरीक्षा असतात: पुण्याच्या आयसरसाठी आयएटी, भुवनेश्वरच्या नायसरसाठी नेस्ट. गावाजवळच बीएस्सी करायची तरी हरकत नाही, त्यानंतर जॅम ही परीक्षा देऊन आयआयटीत एमएस्सी करता येते. पीएचडीला शिष्यवृत्ती मिळते. नेट परीक्षेतून मिळणाऱ्या जेआरएफ शिष्यवृत्तीची रक्कम २०२३ पासून महिना ३७,००० रुपये आहे. मराठी माध्यमाचं भय बाळगू नका. अडचण पहिल्या वर्षी येते, ती इंग्रजी पुस्तकांची, विषयाची नव्हे. शेती संशोधनाकडे कल असेल तर धुळ्याचं कृषी महाविद्यालय जवळ आहे, ते राहुरीच्या महात्मा फुले कृषी विद्यापीठाचं.

दुकानदार नवं टॉनिक देतो, शेजारी म्हणतो फरक पडला. खरं कसं ओळखायचं?

हा प्रश्न मला सगळ्यांत जवळचा आहे. काही वर्षांपूर्वी आम्ही एक महागडं टॉनिक सगळ्या कपाशीवर मारलं. त्या वर्षी कपाशी छान आली. वडील म्हणाले, औषध लागू पडलं. मी विचारलं, पाऊस किती चांगला होता? पडताळायला काहीच उरलं नव्हतं, एकही ओळ कोरी सोडलेली नव्हती. पुढच्या वर्षी वडिलांशी वाद घालून मी चार ओळी मध्ये मध्ये सोडल्या आणि त्यांना लाल चिंध्या बांधल्या. वेचणीला प्रत्येक ओळीचा कापूस वेगळ्या गोणीत भरला. काट्यावर फरक निघाला नाही. ती बाटली तेव्हापासून घरात आलेली नाही.

तुम्हीही करून पाहा. ओळी सोडायच्या त्या सलग एका कडेच्या नकोत. कडेला ऊन-वारा जास्त, बांधाची सावली वेगळी. चिठ्ठ्या टाकून ओळ ठरवा. खत, पाणी, निंदणी सगळीकडे सारखी ठेवा. कोणत्या ओळीवर औषध मारलं ते वेचणाऱ्या बायांना सांगू नका, नाहीतर हात आपोआप वेगळा चालतो. वजन रोज एकाच वेळी करा आणि शक्यतो दुपारनंतर, कारण दवातला सकाळचा कापूस काट्यावर जड भरतो.